वाडिया, नोशीर होर्मसजी

वाडिया, नोशीर होर्मसजी : (३० जानेवारी १९२५–१० एप्रिल २०१६). भारतीय मेंदूविकारतज्ज्ञ व संशोधक. मेरुरज्जू आणि त्यातून निघणाऱ्या मज्जामुळांचा संसर्गजन्य दाह (शोथ) हा त्यांच्या संशोधनाचा एक प्रमुख विषय होता. मुंबईतील रुग्णालयांत दाखल होणाऱ्या रुग्णांच्या काटेकोर नोंदींवर हे संशोधन उभे राहिले.

त्यांचा जन्म सुरतेचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधून वैद्यकाची पदवी घेतल्यावर त्यांनी लंडनमध्ये रसेल ब्रेन यांच्या हाताखाली मेंदूविकारशास्त्राचे शिक्षण घेतले. १९५७ मध्ये परतून त्यांनी सर जे. जे. रुग्णालयात या विषयाचा विभाग उभारला. १९७३ पासून ते जसलोक रुग्णालयातील मेंदूविकार विभागाचे प्रमुख होते.

क्षयजन्य दाह : क्षयरोगाने मेंदूच्या आवरणांना सूज आली की रुग्ण पूर्वी सहसा वाचत नसे. स्ट्रेप्टोमायसीन आणि त्यामागोमाग आलेल्या औषधांनी हे चित्र पालटले. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात (स्थापना १९५४) पेनिसिलीनच्या पाठोपाठ स्ट्रेप्टोमायसीनही तयार होऊ लागले. रुग्ण जगू लागले, तसे आजाराचे दूरगामी परिणामही डॉक्टरांपुढे येऊ लागले. काहींचे पाय लुळे पडत, लघवीवरचा ताबा सुटे. वाडिया आणि विकृतिशास्त्रज्ञ दराब दस्तूर यांनी १९६९ मध्ये दोन भागांच्या शोधनिबंधात या विकाराची सविस्तर मांडणी केली. पाठीच्या कण्यातील आवरणांत दाट स्राव साचतो, तो मेरुरज्जूला व मज्जामुळांना वेढतो आणि रक्तवाहिन्यांनाही सूज येते, असे त्यांनी दाखवले. हा दाह मेंदूच्या आवरणांतून खाली उतरतो, मणक्याच्या क्षयातून आत शिरतो किंवा थेट कण्यातील आवरणांतच सुरू होतो. मेरुरज्जूतील गाठीशी या विकाराची गल्लत होण्याचा धोका असल्याने ही ओळख उपचाराच्या दृष्टीने मोलाची ठरली.

डोळ्यांची साथ आणि लुळेपणा : १९६९ मध्ये आफ्रिकेतील घाना देशात डोळे येण्याची एक नवी साथ उद्भवली. त्याच वर्षी अपोलो यान चंद्रावर उतरल्याने तेथे तिला अपोलोचेच नाव पडले. १९७१ मध्ये ती मुंबईत पोचली. या साथीत डोळे लाल होत, पांढऱ्या भागात रक्त उतरे आणि काही दिवसांत ते बरेही होत. त्यानंतर काही आठवड्यांनी मात्र मोजक्या रुग्णांच्या कमरेत व पायांत तीव्र वेदना होऊन पाय लुळे पडू लागले. हे रुग्ण बहुधा प्रौढ होते. दोन्ही पायांतील अशक्तपणा सारखा नसे आणि स्पर्शज्ञान बहुतांशी शाबूत राही. पोलिओसारखा, पण मोठ्या माणसांना होणारा हा आजार आणि होऊन गेलेली डोळ्यांची साथ यांतला धागा वाडिया यांनी हेरला. बरे झालेल्या डोळ्यांचा उल्लेख रुग्ण आपणहून करीलच असे नसते, म्हणून आधीच्या आजाराची नीट चौकशी येथे निर्णायक होती. पी. एफ. इराणी व सरोश कात्रक यांच्यासह त्यांनी १९७२ आणि १९७३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या साथीला कारणीभूत असलेला विषाणू एंटेरोव्हायरस ७० या नावाने ओळखला जातो. १९८१ मध्ये साथ मुंबईत पुन्हा आली, तेव्हा रुग्णांच्या लक्षणांना रक्तातील प्रतिपिंडांच्या तपासणीची जोड देऊन त्यांच्या गटाने हा संबंध अधिक पक्का केला. पोलिओखेरीज इतर विषाणूही असा लुळेपणा आणू शकतात, या जाणिवेला त्यांच्या कामाने बळ दिले.

अन्य संशोधन : मानेच्या वरच्या दोन मणक्यांतील जन्मजात दोषामुळे मेरुरज्जूवर येणाऱ्या दाबाचा त्यांनी अभ्यास केला (१९६७). तोल बिघडणे आणि डोळ्यांच्या हालचाली मंदावणे ही लक्षणे असलेला एक आनुवंशिक विकार त्यांनी आर. के. स्वामी यांच्यासह नऊ कुटुंबांच्या अभ्यासातून वर्णिला (१९७१). एससीए २ या जनुकीय विकाराशी त्याचे नाते पुढे स्पष्ट झाले.

भारत सरकारने २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. मुंबईत त्यांचे निधन झाले. रुग्णाची हकीकत लक्षपूर्वक ऐकणे व त्याची तपासणी बारकाईने करणे हेच संशोधनाचे पहिले साधन आहे, हे त्यांच्या कार्याने सिद्ध केले. भारतातील संसर्गजन्य मेंदूविकारांच्या अभ्यासात त्यांचे स्थान म्हणूनच अग्रगण्य आहे.