आईकडून एक जात, बापाकडून दुसरी

मी काल्हेरचा. इथे खाडीकाठी आता भातापेक्षा गोदामं जास्त दिसतात. तरी मत्स्यालयाच्या दुकानात काचेला चिकटलेली पिवळी गोगलगाय बघितली की मला तैवानची भातशेतं आठवतात. सांगतो का ते.

१९८० च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतून पोमासिया नावाच्या गोगलगायी तैवानला आणल्या गेल्या. शोभेला नाही, खायला! तिथून त्या जपान, फिलिपिन्समध्ये पोचल्या. घरोघरी पाळायच्या, विकायच्या, पैसा कमवायचा, असा बेत होता. पण लोकांना चव काही आवडली नाही. धंदा बसला आणि माल पाण्यात गेला, अगदी शब्दशः. तिथून गोगलगायी शेतात शिरल्या आणि कोवळी भातरोपं फस्त करू लागल्या.

सगळे तिला 'सोनेरी गोगलगाय' म्हणायचे. म्हणजे एकच जात, असा समज. २००८ मध्ये डीएनए तपासल्यावर कळलं, आशियात एकाहून जास्त जाती आल्यात. सगळ्यात पसरलेल्या दोन, कॅनालिक्युलाटा आणि मॅक्युलाटा. शिंपल्यावरून ओळखणं महाकठीण. पाण्याबाहेर घातलेल्या गुलाबी अंड्यांवरून मात्र अंदाज येतो. एकीच्या घोसात साधारण दोन-तीनशे अंडी, दुसरीच्या घोसात हजाराच्या वर, पण बारीक.

आता खरी गंमत. मात्सुकुरा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आशियातल्या या गोगलगायींचे जनुक दोन ठिकाणचे तपासले. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, पेशीकेंद्रातला दोघांकडून. काही गोगलगायींमध्ये हे दोन जुळेनात! आईकडचा डीएनए एका जातीचा, केंद्रकात दुसरीच्या खुणा. म्हणजे संकर झाला होता, आणि आपण त्यांना एकच नाव देऊन मोकळे झालो होतो. (कॉलेजात 'पायला' चिरलेल्यांनो, ती आपली देशी गोगलगाय, यांची लांबची नातेवाईक.)

यात शेतकऱ्याचं काय जातं? तर थंडी. कॅनालिक्युलाटा गारठा बऱ्यापैकी सोसते, मॅक्युलाटाला तो झेपत नाही. संकरित पिल्लं मधल्यामध्ये. म्हणजे कुठली जात कुठवर जाईल हा नकाशा शुद्ध जाती धरून काढला, तर तो चुकू शकतो.

आणि काल्हेरची थंडी किती? जानेवारीत पहाटे एखादा स्वेटर. इथे दोघींनाही अडवायला गारठा नाहीच. म्हणून टाकी रिकामी करताना ती पिवळी गोगलगाय ओढ्यात सोडायची नाही, एवढं मी दुकानातल्या पोराला सांगून आलो. तो म्हणाला, "दादा, ती सोडत नाही कोणी, मरते ती." मी म्हटलं, तैवानातही असंच वाटलं असेल.