इंजिनाची ताकद वाढवणारे उपकरण : घ्यावे की टाळावे?

कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातले हुलसूर हे महाराष्ट्राच्या सीमेजवळचे तालुक्याचे गाव. पूर्वी बसवकल्याण तालुक्यात मोडणाऱ्या या भागात मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा व्यवहारात आहेत. ऊस, तूर, सोयाबीन पिकवणारे शेतकरी, व्यापारी आणि भाड्याने गाडी चालवणारे यांची ये-जा बसवकल्याण, भालकी, बिदर तसेच सीमेपलीकडे निलंगा, लातूर या बाजूंना नित्य चालू असते. घरात गाडी बहुधा एकच असते. दवाखाना, बाजार, लग्नकार्य आणि भाडे ही सारी कामे तीच करते. अशा गाडीच्या मालकाला मोबाईलवर जाहिरात दिसते : छोटे उपकरण जोडा, इंजिनाची ताकद वाढेल आणि इंधनही वाचेल. हीच जाहिरात गोव्यातील वाहनमालकाच्याही पाहण्यात येते. कारखान्यातून आली तशीच चालणाऱ्या गाडीला असे उपकरण जोडावे काय, याचा निर्णय काही ठोस गोष्टी तपासूनच घ्यावा लागतो.

उपकरणांचे चार प्रकार

आजच्या गाडीत इंधन किती व केव्हा सोडायचे, ठिणगी केव्हा पाडायची, टर्बोचा दाब किती ठेवायचा हे ‘ईसीयू’ नावाचा छोटा संगणक ठरवतो. स्टिअरिंगखाली सोळा पिनांची ‘ओबीडी’ जोडणी असते. तिच्यातून मेकॅनिक या संगणकातील बिघाडाच्या नोंदी वाचतो. बाजारातील उपकरणे या व्यवस्थेशी चार तऱ्हांनी संबंध जोडतात.

पहिला प्रकार म्हणजे काही शे रुपयांत मिळणारा, ओबीडी जोडणीत खोचायचा प्लग. फ्रान्समधील ‘क्वार्क्सलॅब’ या संगणक-सुरक्षा कंपनीच्या तज्ज्ञांनी २०१७ साली ‘नायट्रो ओबीडी२’ नावाचा असा प्लग उघडून तपासला. गाडीच्या संगणकाशी बोलण्यासाठी लागणारा भागच त्यात आढळला नाही. दिवे लुकलुकवणे एवढेच त्याचे काम होते. इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक उपकरणे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आजवर तपासली आहेत. मायलेजमध्ये लक्षणीय वाढ करणारे त्यांत एकही निघाले नाही. या प्रकाराबाबत अधिक विचार करण्याचे कारण उरत नाही.

दुसरा प्रकार ॲक्सिलरेटरच्या पेडलला जोडायच्या पेटीचा. पाय थोडा दाबला तरी जास्त दाबला आहे असा संदेश ती पाठवते. गाडी चपळ वाटू लागते, पण इंजिनाची कमाल ताकद तेवढीच राहते.

तिसरा प्रकार ‘ट्यूनिंग बॉक्स’. हा मुख्यतः टर्बो डिझेल गाड्यांसाठी असतो. इंधनाच्या किंवा हवेच्या दाबाची माहिती देणारा सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये ही पेटी बसते. प्रत्यक्षाहून कमी दाब असल्याचे ती संगणकास भासवते. त्यामुळे संगणक दाब वाढवतो आणि अधिक इंधन जळते. चौथा प्रकार ‘रिमॅप’ : यात ईसीयूमधील मूळ आज्ञावलीच बदलली जाते. या दोन प्रकारांनी ताकद खरोखर वाढते. म्हणूनच त्यांचा विचार अधिक सावधपणे करावा लागतो.

पेट्रोल आणि डिझेल यांतला फरक

साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात बाहेरची हवा स्वतःच्याच दाबाने आत येते. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा मर्यादित असेल तर इंधन वाढवून ताकद फारशी वाढत नाही. बिदरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. तेथील हवेचा दाब गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा साधारण सात टक्क्यांनी कमी असतो. किनाऱ्यावर जोमात चालणारी लहान पेट्रोल गाडी पठारावर किंचित मंद वाटते, ती यामुळे. हा गाडीचा दोष नाही आणि कोणतेही उपकरण हवा निर्माण करू शकत नाही. शिवाय काही रिमॅप जास्त ऑक्टेनच्या महाग पेट्रोलसाठी तयार केलेले असतात आणि लहान गावाच्या पंपावर ते मिळेलच याची खात्री नसते. अशा गाडीच्या मालकाने हा खर्च करू नये, हेच उत्तम.

टर्बो डिझेलची गोष्ट निराळी आहे. तेथे हवा दाबून आत भरली जाते, म्हणून तिचे प्रमाण वाढवता येते. मात्र पठारावरील विरळ हवेत तेवढाच दाब निर्माण करण्यासाठी टर्बोला आधीच अधिक वेगाने फिरावे लागते. उपकरणाने त्यावर आणखी ताण पडतो.

राखीव ताकद कशासाठी असते?

विक्रेता सांगतो की कंपनीने इंजिनाची ताकद मुद्दाम दाबून ठेवलेली असते. यात अर्धे सत्य आहे. उत्पादक मर्यादा राखून ठेवतो, कारण तीच गाडी कोणी चाळीस अंशांच्या उन्हात, धुळीच्या रस्त्यावर, सात माणसे बसवून, तेल बदलायला उशीर करूनही चालवणार हे त्याला ठाऊक असते. सीमाभागातील गाडीचे रोजचे आयुष्य नेमके असेच असते. जी राखीव ताकद विक्रेता ‘वाया गेलेली’ म्हणतो, ती येथे रोज कामी येत असते.

फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन याचे चांगले उदाहरण आहे. मारुतीच्या स्विफ्ट, डिझायरसह अनेक गाड्यांत ते बसवले गेले आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात आजही दिसते. हेच इंजिन ७५ आणि ९० अश्वशक्ती अशा दोन रूपांत मिळे. अधिक ताकदीच्या रूपात निर्मात्याने केवळ संगणकाची आज्ञावली बदलली नव्हती, तर टर्बोही निराळा, पाती फिरवून दाब सांभाळणारा बसवला होता. ताकद वाढवायची तर तिला पेलणारे भागही बदलावे लागतात. पेटी जोडल्याने क्लच, टर्बो आणि गिअरबॉक्स मात्र जुनेच राहतात. पहिला बळी बहुधा क्लचचा जातो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या मार्गावर काजळी अडवणारी गाळणीही असते. जास्त इंधन जाळले की काजळी वाढते आणि ही महाग गाळणी लवकर तुंबते.

कायदा, हमी आणि विमा

नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकास करता येत नाही, असे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील प्रकरणात हाच दंडक स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा कायदा बिदरला आणि गोव्याला सारखाच लागू आहे. गाडी अधिक धूर सोडू लागली तर प्रदूषण तपासणीची अडचण वेगळी.

मान्यताप्राप्त बदलाचा मार्ग कसा असतो हे सीएनजी किटवरून कळते. त्या किटला अधिकृत चाचणी संस्थेची मंजुरी लागते आणि आरटीओकडे त्याची नोंद होऊन ती प्रमाणपत्रावर येते. ट्यूनिंग उपकरणाच्या विक्रेत्याकडे अशी मंजुरी मागावी. उत्तर टाळले गेले तर तेच उत्तर समजावे.

हमीच्या काळात असा बदल आढळल्यास उत्पादक इंजिनाची दुरुस्ती नाकारू शकतो. पेटी काढून ठेवली तरी ईसीयूमधील नोंदींवरून संशय येऊ शकतो. विमा कंपनीस न कळवलेल्या बदलामुळे स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईचा दावाही अडचणीत येतो. कर्जावर घेतलेल्या आणि भाड्यावर चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत हा धोका संपूर्ण कुटुंबाच्या उत्पन्नाचा असतो.

पैशांचा हिशेब

समजा, गाडी वर्षाला १५,००० किलोमीटर धावते आणि लिटरला १५ किलोमीटर जाते. म्हणजे वर्षाला १,००० लिटर इंधन लागते. उपकरणाने खरोखर पाच टक्के बचत झाली असे मानले, तरी ५० लिटर वाचतील. दर १०० रुपये धरला तर ही बचत ५,००० रुपयांची होते. उपकरण २५,००० रुपयांचे असेल तर केवळ मुद्दल फिटण्यास पाच वर्षे लागतील आणि मध्येच क्लच गेला तर हिशेबच उलटेल. त्यातही वाढलेली ताकद हाताशी आली की ती वापरण्याचा मोह होतो आणि ती पाच टक्के बचतही उरत नाही.

आधी काय करावे?

गाडी मंद झाली असेल तर तिची मूळ ताकद कोठे हरवली ते प्रथम शोधावे. धुळीने भरलेला एअर फिल्टर, तुंबलेला डिझेल फिल्टर, कमी हवा असलेली चाके, घासत राहणारे ब्रेक, बिघडलेले अलाइनमेंट, घसरणारा क्लच, टर्बोच्या पाइपला गेलेली चीर ही नेहमीची कारणे आहेत. ओबीडी जोडणीचा सर्वांत चांगला उपयोग येथेच होतो. बिघाडाच्या नोंदी वाचणारे साधे उपकरण स्वस्तात मिळते आणि ते गाडीत काहीही बदलत नाही. काम झाल्यावर मात्र ते काढून ठेवावे; सतत जोडलेले राहिल्यास उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरते.

मायलेज मोजायचे तर एकाच पंपावर टाकी पूर्ण भरावी, नेहमीसारखी गाडी चालवावी आणि पुन्हा पूर्ण भरून किलोमीटरला लिटरने भागावे. असे तीन वेळा केले की खरा आकडा हाती येतो. दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवला की विक्रेत्याच्या दाव्याची गरजच उरत नाही.

हौसेखातर, दुसऱ्या गाडीवर, हमी संपल्यानंतर आणि कायद्याची बाजू तपासून कोणी खर्च करणार असेल तर तो त्याचा प्रश्न. परंतु ज्या घरात एकच गाडी आहे आणि बिघाड झाल्यास तिला दूरच्या शहरात न्यावे लागते, त्या घराने उपकरणासाठी काढून ठेवलेले पैसे नियमित सर्व्हिसिंग, चांगले टायर आणि वेळेवर बदललेले तेल यांवर खर्च करावेत. रात्री-अपरात्री रुग्णाला घेऊन भालकी किंवा बिदर गाठायचे असते, तेव्हा थोडा जास्त वेग दुय्यम ठरतो. गाडी वाटेत बंद न पडणे महत्त्वाचे असते.