इश्यूंचे स्वयंचलित लेबलिंग

इश्यूंचे स्वयंचलित लेबलिंग म्हणजे सॉफ्टवेअरच्या कोड रिपॉझिटरीत नव्याने दाखल झालेल्या नोंदीचा प्रकार ओळखून तिला योग्य लेबल संगणकाकडूनच लावून घेण्याची पद्धत होय. वापरकर्त्याने कळवलेला दोष, सुधारणेची मागणी किंवा शंका यांपैकी प्रत्येक नोंदीस ‘इश्यू’ म्हणतात. टपाल कार्यालयात आलेली पत्रे वाटपापूर्वी गावागावांनुसार लावली जातात, तसेच हे काम आहे. फरक इतकाच, की येथे पाकिटावर पत्ता नसतो. तो आतील मजकुरावरून ठरवावा लागतो.

गिटहब या संकेतस्थळावर नवी रिपॉझिटरी उघडताच नऊ लेबले तयार मिळतात. ‘बग’, ‘एन्हान्समेंट’, ‘डुप्लिकेट’ ही त्यांपैकी काही. ‘गुड फर्स्ट इश्यू’ हे लेबल नवख्या योगदात्यांसाठी असून, मुक्त स्रोत प्रकल्पात पहिल्यांदाच काम करू पाहणारे विद्यार्थी सहसा त्यावरूनच काम शोधतात. ते लेबल अवघड इश्यूला लागले, तर नवखा माणूस पहिल्याच पायरीवर अडतो. (‘बग’ला ‘कीड’ म्हणण्याचा मोह टाळलेलाच बरा, ‘दोष’ हा शब्द पुरेसा आहे.)

नियमांवर आधारित पद्धती

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ठरावीक नमुन्याचा अर्ज. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे व्यवसाय-व्यवस्थापनाचे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर याचे जवळचे उदाहरण आहे. त्याच्या रिपॉझिटरीत दोष कळवण्याचा आणि नव्या सुविधेच्या मागणीचा नमुना वेगवेगळा असून, निवडलेल्या नमुन्यानुसार लेबल आपोआप लागते. येथे संगणक काहीच वाचत नाही; वर्गीकरण तक्रारदारच करतो.

याच प्रकल्पात कोडमधील बदलांच्या प्रस्तावांना, म्हणजे पुल रिक्वेस्टना, बदललेल्या फाइलींच्या जागेवरून लेबल देण्याचे नियमही लिहिलेले आढळतात. हिशेबाच्या विभागातील फाइल बदलली, की त्या विभागाचे लेबल लागते. पायथन भाषेतील फाइल बदलली पण चाचणीची एकही फाइल बदलली नाही, तर चाचण्या हव्यात असे सुचवणारे लेबल लागते. हा नियम साधा असला तरी फार उपयोगाचा आहे.

शब्दांवर बेतलेले नियम मात्र लवकर फसतात. ‘एरर’ शब्द दिसताच ‘बग’ ठरवणारा नियम ‘एररचा संदेश अधिक स्पष्ट असावा’ ही सूचनाही दोषांत जमा करतो.

यंत्रशिक्षण

जुन्या, लेबल लावलेल्या नोंदींवरून नमुने शिकून नव्या नोंदीचा वर्ग सांगणे, ही दुसरी पद्धत. २००४ मध्ये चुब्रानिच आणि मर्फी यांनी एक्लिप्स प्रकल्पातील नोंदी नाईव्ह बेझ पद्धतीने योग्य विकासकाकडे सोपवण्याचा प्रयोग केला. त्यात सुमारे ३० टक्के अंदाज बरोबर आले. २०१९ मध्ये मोझिलाने फायरफॉक्सच्या दोष-नोंदी योग्य घटकाकडे पाठवण्यासाठी ‘बगबग’ ही प्रणाली वापरात आणली. आपल्या अंदाजाची खात्री ६० टक्क्यांहून कमी असल्यास प्रणाली नोंदीला हात लावत नसे, ती माणसांसाठी ठेवली जाई. त्याच वर्षी मांडलेले ‘टिकेट टॅगर’ हे साधन गिटहबवरील इश्यूंना फास्टटेक्स्ट तंत्राने बग, एन्हान्समेंट किंवा क्वेश्चन असे लेबल देते.

लेबलांची विश्वासार्हता

यंत्र ज्या लेबलांवरून शिकते ती माणसांनी लावलेली असतात, आणि खरी अडचण तेथेच आहे. जर्मनीतील हर्झिग, युस्ट आणि त्सेलर यांनी २०१३ मध्ये पाच मुक्त स्रोत प्रकल्पांतील सात हजारांहून अधिक नोंदी स्वतः वाचून तपासल्या. ‘बग’ म्हणून नोंदलेल्या अहवालांपैकी ३३.८ टक्के अहवाल प्रत्यक्षात बग नव्हतेच. परिणामी, सदोष समजल्या गेलेल्या फाइलींपैकी सरासरी ३९ टक्के फाइलींत कधीही दोष नव्हता. अशा नोंदींवर शिकलेले यंत्र हीच चूक अधिक वेगाने करते. म्हणून अनेक प्रकल्पांत यंत्राने लावलेले लेबल केवळ सूचना मानले जाते आणि देखभाल करणारी व्यक्ती ते बदलू शकते.

मराठी मजकूर

वरील प्रयोग इंग्रजी नोंदींवर झालेले आहेत. मराठीत ‘पावती’, ‘पावतीवर’, ‘पावत्यांमध्ये’ अशी रूपे बदलत असल्याने निव्वळ शब्द जुळवून काम भागत नाही. फास्टटेक्स्ट शब्दाचे अक्षरसमूह पाहत असल्याने अशी रूपे त्यास परस्परांशी जोडता येतात. पुण्याच्या एल३क्यूब गटाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेले महाबर्ट हे मराठी भाषेचे प्रारूपही मजकुराच्या वर्गीकरणासाठी वापरता येते.