कानांनी पाहायचा किल्ला

आपल्या मुलखात इतिहास पुष्कळ काळ कानांवाटेच घरात आला. शाहिराने डफावर थाप मारावी आणि गावाने पोवाडा ऐकावा. चावडीवर कुणी अक्षरओळख असलेल्याने बखर मोठ्याने वाचावी. कीर्तनाच्या उत्तररंगात बुवांनी एखाद्या वीराला उभे करावे आणि आईच्या मांडीवर पेंगणाऱ्या पोराने तेवढ्यापुरते डोळे उघडावेत, अशी ती रीत होती. पुढे पुस्तके आली, शाळा आल्या, आणि ऐकलेला इतिहास वाचलेला झाला. किल्ल्यावर जाणारा आजचा माणूस तर वाचतही नाही. दरवाजात एक छायाचित्र, बुरुजावर दुसरे, आणि तिसरे नारळपाणी पिताना! मग गाडीत बसल्यावर धाकटा विचारतो, "बाबा, इथे नक्की काय झाले?" आणि बाबा म्हणतात, "लढाई."

कोणाशी, कशासाठी, आणि कोण हरले, हे बाबांना ठाऊक नसते. त्यात बाबांचा दोष नाही. भिंत स्वतः बोलत नाही, तिच्यातर्फे कुणीतरी बोलावे लागते.

हे बोलण्याचे काम आमच्या काही मंडळींनी विजयदुर्गावर करून पाहायचे ठरवले. मी पडलो कादंबऱ्या लिहिणारा आणि पोटासाठी शाळेत शिकवणारा. तेव्हा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. योजना अगदी साधी होती. किल्ल्याच्या परिसरात नऊ थांबे ठरवायचे. प्रत्येक थांब्याची तीन-चार मिनिटांची हकीकत ध्वनिमुद्रित करायची. नाताळच्या सुट्टीत एक दिवस कुटुंबांनी यायचे, हकीकती आपल्या मोबाईलवर घ्यायच्या आणि आपल्या पावलाने, वाटाड्यावाचून, ऐकत ऐकत फिरायचे. दमले तर बसावे, आवडले तर पुन्हा ऐकावे. दोघांत एकच इअरफोन वापरायचा, एक टोक आईच्या कानात आणि दुसरे मुलाच्या, असा नियम आम्ही मुद्दाम केला. म्हाताऱ्या मंडळींनी मात्र कानात काही घालून घ्यायला साफ नकार दिला, आणि त्यांच्यासाठी मोबाईल मोठ्याने लावावा लागला. त्यांच्याभोवती आपोआपच घोळका जमला. चावडी परत आली म्हणा ना!

पहिला थांबा दरवाजाबाहेरचा. वाघोटन खाडीच्या मुखाशी, तीन बाजूंनी पाणी आणि एका बाजूने जमीन अशा जागी हा किल्ला बसला आहे. शेजारच्या गिर्ये गावावरून त्याला घेरिया म्हणत, आणि इंग्रजांच्या कागदांत तो याच नावाने भेटतो. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस तो बांधला असे परंपरा सांगते. १६५३ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला, विजयदुर्ग हे नाव दिले आणि त्याला तिहेरी तटबंदीने बळकट केले. बाहेरचा तट ओलांडून आत यावे तो दुसरा तट समोर, आणि तो ओलांडावा तो तिसरा. आमच्या शाळेतली एक चिमुरडी हे ऐकून म्हणाली, "म्हणजे कांद्यासारखा!" इतकी नेमकी उपमा मला सुचली नव्हती.

दुसऱ्या आणि तिसऱ्या थांब्यांवर आंग्रे येतात. कान्होजी आंग्रे यांच्या काळी या पाण्यात त्यांच्या परवान्यावाचून गलबत हाकारणे धोक्याचे होते. इंग्रज त्यांना चाचे म्हणत. आपल्या दाराशी जकात मागणाऱ्याला परक्याने दिलेले हे नाव. १७१७ मध्ये इंग्रज या किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. १७२० मध्ये तोफांनी भरलेला एक तरंगता तराफा घेऊन आले; तोही उपयोगी पडला नाही. १७२४ मध्ये डचांनी नशीब अजमावले आणि त्यांनाही परतावे लागले. इथपर्यंत सांगणे सोपे होते. मुलांच्या माना ताठ होत होत्या आणि बापमंडळी मिशीवरून हात फिरवत होती.

अवघड होता तो चौथा थांबा, फेब्रुवारी १७५६ चा.

कान्होजींचे १७२९ मध्ये निधन झाले. मुलांत भाऊबंदकी माजली. अखेर विजयदुर्ग तुळाजी आंग्रे यांच्या हाती आला. दर्यावर ते वाघच होते, पण पेशव्यांना जुमानीत नव्हते. नानासाहेब पेशव्यांनी त्यांना वठणीवर आणण्यासाठी इंग्रजांचा हात धरला. १७५५ मध्ये या दोघांनी मिळून सुवर्णदुर्ग घेतला आणि पुढच्या वर्षी पाळी विजयदुर्गाची आली. समुद्रावरून अॅडमिरल वॉटसनचे आरमार, त्याच्या जहाजांवर रॉबर्ट क्लाइव्हची पलटण, आणि जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज. तुळाजी बोलणी करण्यासाठी पेशव्यांच्या छावणीत गेले आणि कैदेत पडले. पुन्हा मोकळे झालेच नाहीत. इकडे इंग्रजांचा एक तोफगोळा आंग्र्यांच्या एका जहाजावर पडला. जहाजे एकमेकांना लागून उभी होती. आग एकावरून दुसऱ्यावर गेली, आणि पाहता पाहता आंग्र्यांचे सारे आरमार बंदरातल्या बंदरात जळून गेले. १३ फेब्रुवारीला किल्ला पडला. आत इंग्रज शिरले. आतली सुमारे दहा लाखांची लूट त्यांनी आपसांत वाटून घेतली आणि मित्र म्हणवणाऱ्या पेशव्यांना त्यातले काही दिले नाही. किल्लादेखील ऑक्टोबरात तह होऊन, बदल्यात बाणकोट पदरात पडल्यावर, मग सोडला. पुढे आनंदराव धुळपांसारखा सरदार पेशव्यांच्या आरमाराला लाभला, १७८३ मध्ये इंग्रजांचे 'रेंजर' जहाज पकडून त्यांनी याच बंदरात आणले. परंतु १७५६ ला जळलेला दरारा पुन्हा पुरता उभा राहिला नाही. इथून निघालेले वॉटसन आणि क्लाइव्ह सोळा महिन्यांनी बंगालच्या मोहिमेत होते आणि क्लाइव्ह प्लासी जिंकत होता.

मजकूर वाचून एक सभासद म्हणाले, "सणासुदीला माणसे बायकामुलांसह येणार. हे घरातले भांडण कशाला उकरता? इंग्रजांनी घेतला एवढे पुरे." त्यांचे म्हणणे वाईट हेतूचे नव्हते. माझ्यातल्या कादंबरीकारालाही मोह होत होता. एखादा शूर गोलंदाज कल्पावा, त्याला जळत्या गलबतावर शेवटपर्यंत उभा करावा, आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणावे. कादंबरीत हे मी बेलाशक केले असते. पण इथे ऐकणारा माणूस त्याच जागी उभा असतो. पायाखालचा दगड खरा, समोरचे पाणी खरे, आणि कानातली गोष्ट तेवढी खोटी! मजकूर होता तसाच राहिला. त्या दिवशी या थांब्यावर मी जरा बाजूला उभा होतो. एका मुलाने इअरफोन काढून बापाला विचारले, "म्हणजे आपणच आपले जाळले?" बाप बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "काडी त्यांची. पण लावायला बोलावले आपण." तीन मिनिटांच्या माझ्या मजकुरापेक्षा हे एक वाक्य वजनदार होते.

पाचव्या थांब्यावर याहून मोठे संकट दबा धरून बसले होते.

किल्ल्यात काही ओटे आहेत. त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात. लॉकियर नावाच्या साहेबाने १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात याच ओट्यांवर दुर्बीण लावून हेलियम वायूचा शोध लावला, असे गावात पोरसोरसुद्धा सांगते. १८ ऑगस्टला त्याचा दिवसही साजरा होतो. गोष्ट गोड आहे. पण १८६८ साली लॉकियर इंग्लंडात होते. त्या ग्रहणाची सावली कोकणच्या किनाऱ्यावरून आत शिरून जमखंडी, गुंटूर, मच्छलीपट्टण अशी गेली खरी; फ्रेंच ज्योतिषी जान्सेन गुंटूरला होता आणि ग्रहण सुटल्यावरही सूर्याच्या ज्वाळा पाहता येतात हे त्याने तिथे दाखवून दिले. लॉकियरनी त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडातून, ग्रहणावाचून, त्याच ज्वाळांच्या प्रकाशाचे पृथक्करण केले. त्यातली पिवळी रेघ पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अज्ञात द्रव्याला हेलियम हे नाव मिळाले.

मग ओटे कशाचे? ते तीस वर्षांनंतरच्या ग्रहणाचे. २२ जानेवारी १८९८ रोजी पुन्हा खग्रास ग्रहण झाले, त्याची सावली विजयदुर्गावरून गेली, आणि त्या वेळी सर नॉर्मन लॉकियर खरोखरच इथे आले होते. दोन ग्रहणे लोकांच्या स्मरणात एकमेकांत मिसळली, इतकेच.

हे कळताच गावातले एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे आले. रागावले नव्हते, पण चेहरा उतरला होता. म्हणाले, "गुरुजी, तुम्ही आमचो हेलियम काढून घेतलात, तर आमच्याकडे रवला काय?"

या प्रश्नाला उत्तर दिल्यावाचून पाचवा थांबा लिहिता येत नव्हता. खोटे सांगणे शक्य नव्हते, आणि 'तुमचे चुकले' असे खडूने फळ्यावर लिहावे तसे सांगणेही बरे नव्हते. मी पुन्हा तारखा मांडून बसलो, आणि खरी गोष्टच अधिक सुरस निघाली. लॉकियरच्या पिवळ्या रेघेवर कित्येक शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे विश्वास ठेवला नाही. पृथ्वीवर नाही असे द्रव्य सूर्यावर कोठून असणार? १८९५ मध्ये रॅम्झे या रसायनशास्त्रज्ञाला एका खनिजातून हेलियम मिळाला आणि सत्तावीस वर्षांची शंका फिटली. म्हणजे १८९८ च्या जानेवारीत विजयदुर्गाच्या धक्क्यावर उतरलेला साहेब एकसष्ट वर्षांचा होता आणि त्याचा शब्द खरा ठरून पुरती तीन वर्षेही झाली नव्हती. जवळपास दोन मिनिटांच्या त्या अंधारासाठी त्याने 'मेल्पोमीनी' या युद्धनौकेवरच्या खलाशांकडून आधी कवायत करून घेतली. कुणी कोणते यंत्र धरायचे, कुणी सेकंद मोजायचे, सारे ठरलेले. १७५६ मध्ये ज्या बंदरात इंग्रजी आरमार तोफा डागीत आले, त्याच बंदरात १८९८ मध्ये इंग्रजी खलाशी दुर्बिणी उचलून चढले. हे मी त्या गृहस्थांना वाचून दाखवले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "शोध नाय लागलो, पण शोधणारो आयलो. चलात." आणि सोहळ्याच्या दिवशी त्या थांब्यावर ते आपण होऊन उभे राहिले व येणाऱ्याजाणाऱ्याला दोन्ही ग्रहणे समजावून सांगू लागले.

सहावा आणि सातवा थांबा तटावरून फिरण्याचे. तिथे तोफांच्या जागा, टेहळणीच्या जागा आणि जमिनीकडून येणारी वाट दाखवली आहे. सातव्या थांब्याच्या शेवटी एक मिनिट काहीच ध्वनिमुद्रित नाही. तेवढ्यापुरता समुद्र ऐकायचा. समोरच्या पाण्याखाली दगडी भिंत आहे, शत्रूची जहाजे तिच्यावर आपटत, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी शंभर मीटरहून लांब असे दगडी बांधकाम तिथे खरोखर पाहिले आहे. तेव्हा लोककथा दर वेळी हरतेच असे नाही!

आठव्या थांब्याला खाडीने थोडे आत जावे लागते. तिथे खडक फोडून केलेली मराठी आरमाराची गोदी आहे, सुमारे ३५५ फूट लांब आणि २२७ फूट रुंद. आता ती गाळाने भरली आहे. ध्वनिमुद्रणात मी फक्त एवढेच म्हटले: या टोकापासून त्या टोकापर्यंत पावले मोजीत चला. बापाची पावले वेगळी भरली, मुलाची वेगळी, आजोबांची तर मोजता मोजता मध्येच चुकली. पण गुराबा आणि गलबते जिथे दुरुस्तीला लागत त्या जागेचा अंदाज सगळ्यांच्या पायांना आला. तोफगोळ्याचे नाव सर्वांना ठाऊक असते. फळी तासणारा सुतार आणि शिडाला टाके घालणारा माणूस कुणाला आठवत नाही. आरमार त्यांचेही होते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात विजयदुर्ग आहे. आता लोक अधिक येतील, गाड्या वाढतील, आणि दरवाजातली छायाचित्रेही वाढतील. येणाऱ्यांना ऐकवायला आपल्याजवळ काय आहे, हा खरा प्रश्न आहे. गर्दीला सोपी गोष्ट आवडते, आणि सोपी गोष्ट बहुधा अर्धी असते.

नववा थांबा आम्ही रिकामा ठेवला. तिथे प्रत्येक कुटुंबाने आपल्यातल्या वडीलधाऱ्यांपैकी एकाला बसवून, या किनाऱ्याची त्यांची आठवण स्वतःच ध्वनिमुद्रित करायची. एक आजी प्रथम "माका काय येता?" म्हणून पदर तोंडाशी धरून बसली. नंतर बोलू लागली ती लहानपणीच्या आगबोटीविषयी. "आगबोट लांबच उभी रवायची. पडावात उतराचा. पडाव हलायचो, आणि आवस माका पोटाशी धरून म्हणायची, डोळे मीट." नातवाने विचारले, "मग तू मिटलेस?"

आजी म्हणाली, "छ्या! सगळा बघूचा होता."