पत्रा वाढतो

आमच्या मारुती ८०० चा नंबर एमएच-२२ ने सुरू होतो. हिंगोलीत एमएच-३८ च्या गर्दीत ती उभी असली की नवी पोरं विचारतात, "गाडी परभणीची का?" नाही हो, हिंगोलीचीच. फक्त ती जिल्ह्यापेक्षा एका वर्षाने मोठी आहे. अण्णांनी ती १९९८ ला घेतली आणि हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. तोवर आम्ही परभणी जिल्ह्यातच होतो.

तर झालं असं की २०२३ ला तिचं पासिंग पुन्हा आलं. खाजगी गाडीला आधी पंधरा वर्षं मिळतात, मग दर पाच वर्षांनी तपासणी. फी पूर्वी सहाशे होती, १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली. वर डावं दार खालून गंजलेलं, आणि मागच्या डाव्या बाजूला हळदीच्या सीझनमध्ये मार्केट यार्डात ट्रॉली घासून पडलेला ताटाएवढा पोचा. डेंटिंग-पेंटिंगचा आकडा ऐकून अण्णा म्हणाले, "एवढ्यात गाडी तरी येते का? देऊन टाकू भंगारात." आणि मग दिवसभर गप्प. आजीला नांदेडला दवाखान्यात नेलं ते याच गाडीतून, आणि परत आणलं तेही याच गाडीतून. मी म्हणालो, "मी करतो."

माझी डिग्री मेकॅनिकलची, नोकरी आयटीत (आपल्याकडे यात नवीन काही नाही). आयुष्यात पत्र्यावर हातोडी मारलेली नव्हती. रिसाला बाजारच्या बाजूला एक चाचा आहेत, चाळीस वर्षं जीप आणि ट्रक ठोकण्यात गेलेली. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "दार आणि पोचा तू कर. खालच्या पट्टीला अन् पिलरला हात लावायचा नाही. ते मी बघतो."

का हात लावायचा नाही, हे शोधता शोधता मी इतिहासात शिरलो.

सुरुवातीच्या मोटारी म्हणजे बिनघोड्याच्या बग्ग्याच. बॉडीचा सांगाडा लाकडाचा, त्यावर पत्रा नाहीतर कापड. गाडी ठोकली तर काम सुताराचं. आपल्या एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला तेव्हाच्या अहमदनगरहून पुण्याला धावली, तीसुद्धा लाकडी बॉडीची. अमेरिकेत मात्र एडवर्ड बड नावाच्या माणसाने दाबून आकार दिलेले पोलादी पत्रे वेल्ड करून अख्खी बॉडी बनवायला घेतली होती. १९१४ मध्ये डॉज बंधूंनी आपल्या मोटारींसाठी ती बॉडी घेतली आणि सुताराचं काम हळूहळू सुटलं. तरी खाली वेगळी चासी होतीच. पत्रा म्हणजे नुसता अंगरखा. १९३४ च्या सिट्रोएन 'ट्रॅक्स्यों आवाँ'ने ती चासीही काढली आणि बॉडीलाच भार उचलायला लावला. ही कल्पना पुढे फियाट ११०० मधून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात आली (तीच पुढची पद्मिनी), आणि डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० मधून घरोघरी. म्हणजे चाचांच्या जुन्या जीपला चासी होती, आमच्या गाडीला नाही. दाराखालची पट्टी नुसती शोभेची नाही, गाडी तिच्यावर उभी आहे. नवशिक्याने तिथे वेल्डिंग केलं तर वरून छान दिसेल आणि अपघातात घडी होईल. दार हे बोल्टवर लटकलेलं, ते चुकलं तर फार तर कुरूप दिसेल. माझ्या लायकीचं काम!

दार उघडून आतलं कव्हर काढलं तर खाली अर्धी वाटी काळी माती. दाराच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. पंचवीस पावसाळ्यांच्या चिखलाने ती बुजली होती, पाणी आत साठत होतं. गंज बाहेरून आलाच नव्हता. त्यावर बाहेरून कितीही रंग मारला असता तरी वर्षात पुन्हा फुगला असता. कुजलेला भाग कापून चाचांनी नवी पट्टी जोडून दिली, घासकाम माझं.

मग पोचा. मी आतून हात घालून थेट मधोमध ठोकायला सुरुवात केली. मोठ्या उत्साहात! चाचा चहा घेत बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "बस कर. पत्रा वाढतो."

पत्रा वाढतो म्हणजे खरंच वाढतो. हातोडी आणि मागचा ठोकळा यांच्यात चेपून तो पातळ होतो, त्याचं क्षेत्रफळ वाढतं, आणि जास्तीचा पत्रा जाणार कुठे? डब्याच्या झाकणासारखा इकडे दाबला की तिकडे टक्कन वर येतो. योग्य क्रम उलटा असतो. पोचा पडताना जी कड सगळ्यात शेवटी उठली ती आधी बसवायची, खोल मध्य शेवटी. आम्हा लोकांच्या भाषेत स्टॅक. कॉलेजात स्ट्रेन हार्डनिंगवर मार्क मिळवलेला मी हे विसरलो होतो की ठोकलेला धातू कडक होत जातो. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर ठोके घालतात, त्या मठारकामाचं मर्म हेच. तिथे कडकपणा हवा असतो. इथे तो माझ्या मुळावर आला. शेवटी चाचांनी गॅसने रुपयाएवढा ठिपका लाल केला, हलके दोन ठोके मारले आणि ओलं फडकं दाबलं. पत्रा आकसला. असे चार ठिपके.

उरलेला खळगा लांबीने भरला. पूर्वी, म्हणजे १९५० च्या दशकात पॉलिएस्टरची लांबी येण्याआधी, तिकडे शिसं वितळवून भरायचे. त्या मानाने आपलं सोपं. तरी पहिल्या घाण्यात हार्डनर जास्त पडला आणि पाट्यावर फिरवेपर्यंत त्याचा दगड झाला. दुसरा थर जाड दिला, तो तडकला. तिसऱ्यांदा पातळ थर, पाण्याचा पेपर, पुन्हा थर.

रंगाने मात्र वेळ कमी खाल्ला. पूर्वी ब्रशने वॉर्निश चढवून वाळवायला आठवडे जायचे. १९२३-२४ मध्ये ड्यू पाँट कंपनीचा 'ड्युको' लॅकर आला आणि ते काम दिवसांवर आलं. आपले फर्निचरवाले अजून ड्युको म्हणतात तो हाच. मी भाड्याच्या स्प्रेगनने उन्हात मारला, त्यात धूळ बसली. पाढंरा रंग मिळवणं सोपं असेल असा माझा समज होता. पंचवीस वर्षं हिंगोलीच्या उन्हात राहिलेला पांढरा डब्यातून येत नाही.

पाच वीकएंड गेले. पुणे-हिंगोली ट्रॅव्हल्सचं भाडं धरलं तर पैसे वाचले असं मी छातीठोक म्हणणार नाही. पासिंग झालं. अण्णांनी मागच्या बाजूवरून हात फिरवला, एका ठिकाणी थांबले आणि म्हणाले, "इथं आहे थोडं." होतंच. डोळ्याला दिसत नाही, तळहाताला कळतं.

पुढचं पासिंग २०२८ ला. वीस वर्षांवरच्या गाड्यांची फी ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार झाली आहे. उजव्या दाराची भोकं मी गेल्या महिन्यात तारेने मोकळी केली, त्यातूनही माती निघाली.