कृषिपंपाची मोटर जळाली? वायंडिंग काढण्याआधी ते पाहून घ्या

कांदा पोसत असताना मोटर जळाली की पाण्याची पाळी चुकते. म्हणून घाईघाईत रिवायंडिंग उरकले जाते, मूळ कारण तसेच राहते आणि त्याच हंगामात मोटर पुन्हा जळते. दोष मात्र रिवायंडिंगवाल्याला.

थ्री फेज मोटरचे जळालेले वायंडिंग बरेच काही सांगते. ते कापण्याआधी आपल्यासमोर उघडायला सांगावे, मोबाईलवर फोटो घ्यावा. कॉइलचे काही गट काळे आणि मधले स्वच्छ दिसत असतील, तर एक फेज गेल्यावरही मोटर चालत राहिली होती. स्टार जोडणीत अशा वेळी दोन फेजच्या कॉइल जळतात, डेल्टात बहुधा एकाच फेजच्या. सगळ्या कॉइल सारख्याच काळ्या असतील, तर कमी दाब किंवा गाळाने जाम झालेला पंप हे कारण असू शकते. दाब १० टक्के घटला तर मोटरची ओढण्याची ताकद सुमारे १९ टक्के घटते आणि ती जास्त अँपिअर घेऊ लागते. एकाच ठिकाणी जळाले असेल, तर तिथले इन्सुलेशन खराब झाले होते असे समजावे.

फेज जाण्यापासून बचावासाठी स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर हवाच. अनेकांकडे तो असतोही. पण कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटर चालवण्यासाठी बायपास केलेला असतो. मग तो असून नसल्यासारखाच.

ओव्हरलोड रिले मोटरच्या प्लेटवरील अँपिअरइतका लावावा. वारंवार ट्रिप होतो म्हणून वाढवू नये, आधी अँपिअर मोजावेत. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले वायंडिंगच्या मार्गात असेल, तर प्लेटवरील आकड्याच्या ५८ टक्के ठेवावा: १५ अँपिअरच्या मोटरला ८.७. इथे थेट १५ वर लावलेला रिले मोटर वाचवत नाही.

ऑटो स्विचमुळे वीज येताच डीपीवरील सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि दाब कोसळतो. तो काढणे उत्तम. तसे जमत नसेल तर टायमर लावून प्रत्येकाने वेगळी वेळ ठेवावी.

पावसाळ्यात बंद राहिलेली मोटर सुरू करण्याआधी वायरमनकडून पुरवठा तोडून, केबल स्टार्टरपासून सोडवून मेगरने तपासून घ्यावी. रीडिंग १ मेगाओमपेक्षा कमी असेल तर चालू करू नये. पाणबुडी मोटरमध्ये आधी केबलचा जोड तपासावा. पुष्कळदा दोष तिथेच निघतो आणि रिवायंडिंगचा खर्च वाचतो.