फोर्टवर्थचं फार्म आणि येरवड्याचं अंगण

दोन वर्षांपूर्वी इथे अर्विंगला गणपतीची आरती आटोपून आम्ही पार्किंग लॉटमध्ये गप्पा मारत होतो. ओळखीच्या एका बाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "काका, तुम्ही पुष्कळ वाचता. अॅसिडची सवय औषध देऊन सुटते का हो?" त्यांचा मुलगा कॉलेज सोडून घरी आला होता. 'गॅप इयर घेतलंय' असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, आणि आम्हीही ते मानून घेतलं होतं. खरं तर आम्हा बऱ्याच जणांना शंका होती. पण विचारणार कोण?

मी काही डॉक्टर नाही. जुने कागद चाळायचा नाद असलेला रिटायर्ड इंजिनिअर आहे. त्यांना तेव्हा काही धड उत्तर देता आलं नाही, म्हणून मी वाचायला बसलो, आणि पहिलाच धक्का बसला तो आपल्या शेजारच्या फोर्टवर्थचा.

आज तिथे फेडरल मेडिकल सेंटर नावाचा तुरुंग आहे. अर्विंगहून गाडीने पाऊण तास. पण १९३८ साली ती जागा उघडली ती व्यसनी लोकांवर उपचार करण्यासाठी. १९२९ च्या पोर्टर कायद्याने अमेरिकन सरकारने अशा दोन संस्था काढायचं ठरवलं. पहिली केंटकीत लेक्सिंग्टनला १९३५ साली सुरू झाली, दुसरी आपल्या फोर्टवर्थला. लोक त्यांना 'नार्कोटिक फार्म' म्हणत, कारण भोवती खरोखरच शेती होती. मोकळी हवा, अंगमेहनत, वेळेवर जेवण आणि शहरातल्या वाईट संगतीपासून लांब, म्हणजे माणूस सुधारेल, अशी कल्पना. त्या काळाच्या मानाने ती उदारच म्हणायला हवी. एरवी या लोकांना सरळ गजाआड टाकत. इथे शिक्षा झालेले कैदीही असत आणि आपणहून आलेले पेशंटही.

मॉर्फिन, हेरॉइन हळूहळू कमी करत शरीर साफ करायचं, हे तिथल्या डॉक्टरांना उत्तम जमायचं. पुढचं मात्र जमेना. माणूस फार्मवर ठणठणीत व्हायचा आणि आपल्या गल्लीत परतला की बहुतेक वेळा काही महिन्यांत पुन्हा तेच. आपणहून आलेले तर उपचार अर्धवट टाकूनच निघून जायचे. घरचे लोक या सगळ्यात कुठेच नव्हते. शेवटी १९७१ मध्ये फोर्टवर्थची संस्था तुरुंग खात्याकडे गेली आणि लेक्सिंग्टनही १९७४ मध्ये त्याच वाटेने गेलं.

लेक्सिंग्टनची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती वाचून मला रात्री झोप आली नाही. एलएसडी हे द्रव्य स्वित्झर्लंडमध्ये आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ साली बनवलं, आणि त्याने भास होतात हे त्यांना १९४३ मध्ये स्वतःच्याच अनुभवातून कळलं. पुढे १९५० च्या दशकात लेक्सिंग्टनला डॉ. हॅरिस इझबेल यांनी ते तिथल्या व्यसनी कैद्यांवरच वापरून पाहिलं. सात जणांना तर ७७ दिवस सलग दिलं. पैसा सीआयएचा होता. आणि भाग घेणाऱ्यांना मोबदला काय मिळायचा? मॉर्फिन! जे सुटावं म्हणून ठेवलं होतं, तेच बक्षीस. हे सगळं १९७५ च्या सुमारास सिनेटच्या चौकशीत उघड्यावर आलं.

पण त्या काळ्या कामातून एक गोष्ट पक्की कळली. एलएसडी रोज घेतलं तर तीन-चार दिवसांत शरीर त्याला सरावतं आणि तोच डोस चालेनासा होतो. मात्र बंद केल्यावर हेरॉइनसारखा थरकाप, उलट्या, अंगदुखी होत नाही. पुण्यातले गर्दुल्ले ज्याला 'टर्की लागणे' म्हणतात, ती इथे नाही. म्हणजे हळूहळू कमी करायलाही काही नाही आणि बदली गोळीही नाही. भीतिदायक ट्रिप लागली तर शांत खोली, मंद उजेड, जवळ बसून सावकाश बोलणारं कुणीतरी, आणि फार घाबरला तर डॉक्टरांनी दिलेलं शांत करणारं औषध. काहींना नंतरही नजरेसमोर रंग, आकृत्या तरळत राहतात. घरात कुणाला मोठा मानसिक आजार असेल तर धोका जास्त, तिथे सायकिअॅट्रिस्ट हवाच. बाकी उपचार म्हणजे त्या मुलाशी बोलणं. तो पुन्हापुन्हा तिकडे का वळतो ते शोधणं.

आणि नेमकं हेच काम आपल्या पुण्यात, अगदी वेगळ्या नशेसाठी, सुरू झालं होतं. १९८५-८६ च्या सुमारास ब्राऊन शुगर, म्हणजे गर्द, शहरात शिरलं होतं. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात सायकिअॅट्रिस्ट होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' सुरू झालं. पुलंचं नाव घेतलं की आपल्याला 'बटाट्याची चाळ' आठवते, पण त्यांचा हा एक लाख मला जास्त मोठा वाटतो.

मुक्तांगणमध्येही सुरुवातीचे दिवस शरीर साफ करण्याचे. पण ३५ दिवसांच्या मुक्कामात तो भाग थोडा. बाकी वेळ गटात बोलणं, योगासनं, गाणी, कामं. समुपदेशकांपैकी कित्येक जण पूर्वीचे पेशंट, त्यामुळे थापा चालत नाहीत. ओहायोत १९३५ साली जन्मलेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची विचारपद्धतीही तिथे रुजली. (गंमत म्हणजे त्याचे एक संस्थापक बिल विल्सन यांनी १९५६ साली स्वतः एलएसडी घेऊन पाहिलं होतं, त्याने दारुड्यांना मदत होईल या आशेने. त्यांच्या सोबत्यांना ते मुळीच आवडलं नाही.)

आणि फोर्टवर्थला जे नव्हतं ते इथे होतं : घरचे लोक. आईवडिलांना, बायकोला बोलावून बसवायचं, ऐकून घ्यायचं. बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट निघाला. पेशंट घरी गेल्यावरही फॉलो-अपला येत राहायचा. पाय घसरला तर 'स्लिप' झाली म्हणायचं आणि परत यायचं. सगळे बरे झाले असं मुळीच नाही, आणि तसा दावा तिथले लोकही करत नाहीत. डॉ. अनिता १९९७ मध्ये कॅन्सरने गेल्या, अनिल अवचट जानेवारी २०२२ मध्ये. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी काम पुढे नेलं.

आपण इथले म्हणून एक सांगतो. 'आपल्या सबर्बात असलं काही नसतं' ही समजूत टेक्सासात तरी टिकत नाही. १९८४-८५ मध्ये डॅलसच्या क्लबांत एक्स्टसी उघड विकली जायची, कारण तोवर ती बेकायदा नव्हती. इथल्याच सिनेटर लॉइड बेन्टसन यांनी आग्रह धरला आणि १ जुलै १९८५ पासून बंदी आली. १९९० च्या दशकाच्या शेवटी प्लेनोसारख्या सुखवस्तू गावात हेरॉइनने शाळकरी मुलं गेली. आणि आता २०२५ मध्ये याच टेक्सासने इबोगेन या भास निर्माण करणाऱ्या द्रव्याने अफूजन्य व्यसन सुटतं का हे तपासायला पाच कोटी डॉलर मंजूर केले आहेत. त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, तेव्हा निकाल येईपर्यंत कुणी घाई करू नये. मला स्वतःला त्या गोळीपेक्षा गोळीनंतर घरात काय होतं याची उत्सुकता जास्त आहे.

मी बाईंना हे सगळं सांगितलं. आधी त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आम्हालाही जावं लागेल?" गेल्या. पहिल्या ठिकाणी विमा कंपनीशी खेटे घालण्यात दीड महिना गेला, ते जाऊ दे. मुलगा आता आठवड्यातून तीन संध्याकाळ कौन्सेलिंगला जातो, आईवडील फॅमिली ग्रुपला. मध्ये एकदा स्लिप झाली. त्यांनी ती मला स्वतःहून फोन करून सांगितली.

या वर्षीच्या गणपतीत तो पंगतीला वरणभात वाढत होता. कुणीतरी विचारलं, "काय रे, कॉलेज कसं चाललंय?" तो उत्तर देण्याआधी आईच म्हणाली, "आजारी होता. बरा होतोय." विचारणाऱ्याने मान डोलावली आणि आणखी वरण मागितलं.

परतताना तो माझ्या गाडीत होता. फोर्टवर्थच्या फार्मची गोष्ट त्याने आईकडून ऐकली होती. म्हणाला, "काका, तिथे नेऊन दाखवाल?" एका शनिवारी गेलो. लांबून कुंपण आणि जुन्या इमारती दिसल्या, जवळ जायची सोय नव्हती. तो बराच वेळ काचेतून बघत राहिला. मग विचारलं, "शेत नक्की कुठे होतं?"